वजावटीत न बसणारे मामा

प्राप्तिकराच्या विरहात झुरणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मिरजेत एका करसल्लागाराच्या हाताखाली उमेदवारी केलेले मामा तरुणपणीच कुवेतला आले आणि एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात लागले. पहिल्या पगाराला त्यांना कळलं, की इथे पगारावर करच नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मामा त्या दिवशी म्हणे जेवले नाहीत. करच नाही तर वजावट कशातून मागायची? तरी सवय जाईना. फरवानियातल्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, एक खुबूस घेतला तरी ते पावती मागत. मल्याळी दुकानदार सज्जन. तो टिश्यूपेपरवर ‘रोटी एक’ लिहून खाली सही ठोकून देई, आणि मामा ती पावती इतकी जपून खिशात ठेवीत की मामी होत्या तोवर त्यांना त्या पावतीचा थोडा मत्सरच वाटे.

मामी गेल्या आणि मामा अगदी एकटे पडले. पण नशीब असं, की अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलीनं तिथल्या लष्करातल्या माणसाशी लग्न केलं आणि जावईबापूंची सहकुटुंब बदली झाली ती कुवेतलाच. मामांनी खोली सोडली आणि मुलीकडे बस्तान हलवलं. एकदा जेवताना जावई सहज बोलून गेला, की घर हलवण्याच्या खर्चाची वजावट आता अमेरिकेत बहुतेकांना मिळत नाही, पण लष्करातल्या माणसाला बदलीचा हुकूम असला आणि खर्च सरकारनं भरून दिलेला नसला, तर मिळते. मामांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलीला विचारायला सुरुवात केली, “काय गं, काही बातमी?”

ती लाजली. “नाही हो बाबा. सध्या मांजर पुरे.”

“अगं, बदलीची विचारतोय मी!”

यथावकाश बदली आली, टेक्सासची. नेमकी त्याच सुमारास मामांची नोकरीही संपली. मुलीनं त्यांचे अमेरिकेचे कागद केव्हाच करून ठेवले होते. ‘बाबा, चला’ म्हणून ती रोज मागे लागे, आणि मामा दर वेळी ‘मिरजेचा फ्लॅट किती दिवस बंद ठेवायचा?’ म्हणून विषय बदलत. त्या फ्लॅटमध्ये त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मुंबईचं तिकीट काढलंच.

सामान बांधायच्या दिवशी कुवेतमध्येच राहणारे मी आणि बायको मदतीला गेलो. मामा दारात उभे. प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोरून जात होती. शिट्टी गेलेला कुकर मुलगी टाकून देणार होती. “खुळी की काय तू? तिकडं नवा घेतलास तर तो वजा होत नाही. जुना नेलास तर नेण्याचा खर्च होतो!” कुकर खोक्यात गेला. ज्या मांजराला ते एरवी चपलेनं हाकलत, त्याचं भाडं वजा होतं हे समजल्यापासून त्याला ताजी मासळी मिळत होती.

मुलगी शेवटी खोक्यावर बसली. “बाबा, माणसांचा नियम काय हो?”

“जुनं घर ज्याचं आणि नवंही ज्याचं, तो घरातला. त्याचा प्रवासखर्च वजा.”

“मग तुम्ही?”

मामा कुकरच्या खोक्याला आणखी एक चिकटपट्टी लावू लागले. मग म्हणाले, “वाटेतलं जेवण पण वजा होत नाही गं. माझा खर्च अंगावर पडेल तुमच्या.”

“पडू दे की,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मामांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. मग हळूच म्हणाले, “बरं. वजावटीच्या यादीत मांजराच्या खाली घाल माझं नाव.”

मुंबईचं तिकीट रद्द झालं. विमानतळावर बायको पाया पडली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून मामा म्हणाले, “तुम्ही पण या तिकडं. तुमचं काही वजा होणार नाही. पण या.”

ते आत गेले. पार्किंगचे पैसे भरताना बायकोनं पावती मागून घेतली आणि जपून पर्समध्ये ठेवली.