वरून चौथी ओळ

वाचनालयातल्या पाच नंबरच्या संगणकाचं मी नेमकं काय केलं, ते मला आजही सांगता यायचं नाही. अक्षरं जरा मोठी करावीत, एवढाच माझा शुद्ध हेतू होता. संगणकाने काहीतरी विचारलं, मी 'हो' म्हटलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यामुळे पूर्ण प्रश्न न ऐकता 'हो' म्हणायची मला सवय आहे. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा 'हो'. पडदा काळा झाला, उजळला, आणि समोर अशी लिपी अवतरली की तिच्यातला पूर्णविरामसुद्धा मला ओळखता येईना. सगळं उजवीकडून डावीकडे चाललेलं. कोपऱ्यातलं घड्याळही उचलून समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेलं. घाबरून मी आणखी तीन ठिकाणी टिचक्या मारल्या.

"काका, हात मागे घ्या. खुर्चीसकट."

ही मशीनताई. वाचनालयातल्या आठ संगणकांची देखभाल तिच्याकडे. पाण्याच्या टाकीशेजारी एक डगमगतं टेबल, टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा, आणि गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, जो डोळ्यांवर गेलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या भागात दहा दिशांहून पोटासाठी आलेली माणसं राहतात. जो येतो तो संगणक आपल्या भाषेत करून घेतो आणि तसाच सोडून जातो. मागाहून येणारा मग पोरक्यासारखा बसून राहतो. त्याला मार्गाला लावायचं हे ताईचं काम.

तिने शेजारचा चार नंबर चालू केला, तो शहाणा होता. दोन्ही पडदे समोर ठेवून, चारवर जे उघडेल त्याच जागी ती पाचवर, पण उलट्या बाजूने, टिचकी मारत गेली. तोंडाने पुटपुटणं चालूच. "दातेरी चाक. वरून चौथी ओळ. आत दुसरी. घड्याळाचं चित्र."

"तुम्हाला ही भाषा येते?" मी आदराने विचारलं.

"छे हो! मला जागा येतात."

शेवटी भाषांची लांबलचक यादी आली. यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच अक्षरांत लिहिलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. त्या गर्दीत आपली अक्षरं दिसली तेव्हा मला परक्या गावात मेव्हणा भेटावा तसा आनंद झाला. एरवी मेव्हणा भेटून मला तो होत नाही. ताईने संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत शिरायला पासवर्ड घातला. नाही म्हणाला. पुन्हा घातला. नाही.

"विसरलात वाटतं," मी म्हणालो. कोणीतरी माझ्याइतकं चुकतंय याचा तो आनंद होता.

"पडदा आपल्यात आलाय, कळफलक अजून तिकडेच आहे. माझ्या सासूबाईंसारखं. राहायच्या आमच्याकडे आणि बोलायच्या थोरल्याच्या बाजूने."

कळफलकही वळवून तिने शंभर पानी वही काढली आणि लिहिलं : तारीख, नंबर पाच, कोणती भाषा, अकरा मिनिटं. आणि शेवटच्या रकान्यात, 'काका'.

त्यानंतर मी रोज तिच्या टेबलाशी थांबू लागलो. बरोबर साडेबाराला एक म्हातारा शिंपी यायचा, बाहीला टाचण्या तशाच टोचलेल्या. त्याची आणि ताईची सामाईक अशी भाषा नव्हती. तो यायच्या आधी ती तीन नंबर त्याच्या भाषेत करून ठेवायची. तो लेकीची पत्रं वाचायचा, दोन बोटांनी उत्तर लिहायचा आणि जाताना मान हलवायचा. मग ती तीन नंबर परत आपल्यात आणायची. वहीत नोंद.

ताई कंत्राटावर होती. नऊ वर्षं. दर वर्षअखेरीला कंत्राट संपायचं, आणि पुढचं येईपर्यंत ही जीव मुठीत धरून बसायची. घरात नवरा, त्याचे हात थरथरायचे, त्याचं काम सुटून जमाना झालेला. तिला कायम व्हायचं होतं. तिचे अर्ज मुख्य कार्यालयात जायचे आणि तिथेच कायम व्हायचे.

"मी लिहितो," मी एक दिवस म्हणालो. जन्मभर लेखणी चालवलेल्या माणसाचा हा रोग आहे. दुसऱ्याचं दुःख दिसलं की त्याला कागद आठवतो. मी वही मागून घेतली, बेरीज केली. वर्षात सहाशे बारा दुरुस्त्या!

"आकडा कशाला घालताय?" ताई म्हणाली.

"अहो, आकडा बोलतो!"

अर्ज झकास उतरला. या एका बाईने वर्षभरात सहाशे बारा वेळा बिघडलेली भाषा जाग्यावर आणली, ती नसती तर वाचनालय बंद पडलं असतं, वगैरे. चाळीस वाचकांच्या सह्या घेतल्या. शिंप्यानेही सही केली, कशावर ते न कळता, पण फार मन लावून.

मुख्य कार्यालयाने आयुष्यात पहिल्यांदा महिन्याभरात उत्तर दिलं. पत्र माझ्या नावाने. सहाशे बारा वेळा उद्भवणारी गंभीर समस्या निदर्शनास आणल्याबद्दल माझे आभार मानले होते. समस्येचा कायमचा बंदोबस्त केला होता. यापुढे भाषा बदलण्याची सोय सर्व संगणकांवर बंद राहील, आणि इतर काही बिघडवलं तरी बंद करून चालू करताच संगणक आपोआप मूळपदावर येईल. सबब, देखभालीच्या जागेची महिनाअखेरीनंतर आवश्यकता नाही.

कायम हा शब्द पत्रात होता, एवढंच.

ताईने पत्र वाचलं, घडी केली आणि विचारलं, "तीन नंबरचं काय?"

साडेबाराला शिंपी आला. तीन नंबर त्याच्याशी आमच्या भाषेत बोलला. ताईने वरून चौथी ओळ उघडली, आत दुसरी उघडली. यादी होती, पण सगळी राखाडी. टिचकी लागेना. शिंपी बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग बाहीतली एक टाचणी काढली, पुन्हा तिथेच टोचली आणि गेला. त्या दिवशी त्याने मान हलवली नाही.

महिना संपल्यावर मी तिच्या घरी गेलो. धुलाईच्या दुकानावर एकच खोली, जमीन खालच्या वाफेने कोमट. नवरा खिडकीशी बसला होता. तो छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, हे मला तिथे कळलं.

"हिला मीच शिकवलं," तो म्हणाला. "अक्षर वाचत बसायचं नाही, खण लक्षात ठेवायचा. मी न बघता उचलायचो, तेही उलटे." त्याने हवेत एक खिळा उचलून दाखवला. बोटं थरथरत भलत्याच खणात गेली असावीत, कारण त्याने ती मुकाट्याने मांडीखाली घेतली. "माझं काम संगणकाने खाल्लं. हिचंही त्यानेच. एकाच घरी दोनदा जेवला."

तो हसला. मीही हसलो, आणि माझंच हसणं मला नकोसं झालं. कोपऱ्यात त्या शंभर पानी वह्या होत्या, नऊ, सुतळीने बांधलेल्या. ताईने मला पाणी दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नव्या कामाचं विचारलं तर म्हणाली, दोन ठिकाणी जाऊन आले, तिथेही मशिनं आपोआप सुधारतात.

मला राहवेना. जिना उतरता उतरता मी मागे वळलो.

"ताई, मी परत एकदा लिहू का? वर, मोठ्या साहेबांना? या वेळी आकडा नाही घालत."

"काका, तुम्ही कशालाही हात लावू नका."