पडद्यामागून पाहिलेला खून

कर्जतला फिरती टॉकी आली की तंबूच्या मधोमध पडदा लावत. पुढे बसायला पूर्ण तिकीट, मागे अर्धं. आम्ही मागचे. पडद्यावरची नावं उलटी दिसली की खो खो हसायचो. तो खुनाचा सिनेमा मी चारदा पाहिला, पण शेवट एकदाही नाही. गर्दी फुटायच्या आत दाराशी जाऊन चळवळीची पत्रकं वाटायची असत. खुनी मात्र पाठ झाला होता. डाव्या हातातला सुरा वकिलाच्या गळ्यावरून सरळ फिरवायचा.

पळसदरीच्या रानात कोळशाच्या भट्ट्या होत्या. एका सकाळी तिथल्या मुकादमाचं डोकं कुणीतरी कुऱ्हाडीने फोडलं. माणसं जमली. एकाने भट्टीवरच्या डावऱ्या मजुराकडे बोट केलं. सिनेमात बघितलं ना, खुनी डावराच असतो. मग सगळे माझ्याकडे वळले; मी शिकलेला, छापील कागद वाटणारा.

"काय रं, खरं हाय ना?"

"असतो तसा," मी म्हणालो.

एवढंच बोललो. त्या मजुराची बायको ओरडत होती, हा भट्टी सोडून हलला नाय. लोकांनी त्याचा डावा हात ओंडक्यावर दाबून धरला आणि एकाने कुऱ्हाड उलटी करून हाणली. मनगट फुटल्याचा आवाज मी ऐकला. पोलिसांच्या लाठीवर पानंच्या पानं लिहिणारा मी जागचा हललो नाही.

पुढे टॉकी शिळफाट्याला लागली. पत्रकं घरी ठेवून मी पुढचं तिकीट काढलं आणि पहिल्यांदाच सिनेमा पुरता पाहिला. अक्षरं सरळ आली. सुरा उजव्या हातात होता. शेवटच्या रिळात, भर कोर्टात, तोच उजवा हात वर करून खुन्याने खून कबूल केला. अक्षरं उलटी म्हणून हसणाऱ्या आम्हाला हातही उलटा दिसतोय, हे सुचलं नव्हतं. आणि सुरा डाव्या हातात असता, तरी काय?

मी भट्टीवर गेलो. तो मजूर वाकडा झालेला डावा हात मांडीवर टाकून उजव्याने भाकरी मोडत होता. सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगतंस? ज्यांनी मारलं त्यांना सांग."

टॉकी कर्जतला परतली तेव्हा खेळाआधी मी पडद्यामागे, आमच्याच लोकांसमोर उभा राहिलो आणि माझ्या त्या दोन शब्दांसकट सगळं सांगितलं. आधी हसले. मग कुऱ्हाड हाणणारा उठला. पहिली लाथ त्याचीच. मग बाकीचे तुटून पडले, माझे पुढचे दोन दात गेले.

रक्त थुंकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.