मुडबीच्या नरसाबाई काय म्हणत होत्या

नोकरीतून मोकळं झालो की कुठल्यातरी बेटावरच्या गावात काही महिने स्वयंसेवक म्हणून राहायचं, असं आम्ही दोघांनी फार वर्षं बोलून ठेवलं होतं. विजया फिजिओथेरपिस्ट, मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारा. पण बेटांवरच्या संस्थांना तरुण माणसं हवी होती. आमच्या वयाला होकार दिला तो बीदर जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थेनं. तिथून समुद्र कुठल्याही बाजूला निघालं तरी लांबच. दिवाळी उरकली आणि आम्ही पुण्याहून निघालो.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून टाकतो. सोलापूरपर्यंत रेल्वे, तिथून हैदराबादकडं जाणारी बस. उमरगा मागं पडलं की काही वेळानं बसवकल्याणचा फाटा येतो. गावात जाऊन मुडबीची बस पकडायची. संध्याकाळच्या बसचा भरवसा धरू नका. आमच्या बसमध्ये कंडक्टर कन्नडमधून तिकिटं फाडत होता, पुढच्या बाया मराठीत बोलत होत्या आणि मागचे दोघं दखनी उर्दूत. कुणालाच कुणाचं अडत नव्हतं. बाहेर काळ्या रानात तूर पिवळ्या फुलांवर आली होती.

संस्थेनं एक खोली दिली होती. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली झणझणीत फोडणी. दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, अंबाडीची भाजी. नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि मोबाईलला रेंज गच्चीवर. हे आधी माहीत असलं की त्रास होत नाही. विजयानं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे व्यायाम घ्यायचे, आणि मी त्यांच्यासाठी कठडे, काठ्या, वॉकर बनवायचे, असं काम होतं. गावच्या वेल्डरनं दुकानातला एक कोपरा मला दिला.

नरसाबाईंच्या घरी आम्ही पहिल्याच आठवड्यात गेलो. पूर्वी मेंढरांमागं फिरणारं हे घर आता दोन एकर तूर-सोयाबीन करतं. नरसाबाईंना पावसाळ्यात झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द कुणाला लागत नव्हते. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांची बाज होती. सून संगीता त्यांचं सगळं मनापासून करायची. मुलगा लक्ष्मण शेतातून आला की आधी आईपाशी बसायचा.

पण नरसाबाई विजयाला हात लावू देईनात. पाय उचलला की डाव्या हातानं ढकलून द्यायच्या आणि नुसत्या रडायच्या. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी लक्ष्मण आम्हाला ओसरीवर घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला की तुमचे उपकार आहेत, पण आता राहू द्या, तिचं डोकंच ठिकाणावर नाही. त्यानंतर विजया दोन दिवस नीट जेवली नाही. परत पुण्याला जावं का, असंही एकदा म्हणाली.

तरी निरोप घ्यायला म्हणून आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. आत नरसाबाई काहीतरी पुटपुटत होत्या. संगीतानं लगबगीनं कोपऱ्यातलं पोतं घेतलं, जमिनीवर अंथरलं आणि सासूला खाली बसवायला लागली. म्हाताऱ्या बाईनं मान जोरजोरात हलवली.

विजयानं विचारलं, पोतं कशाला?

"त्याच म्हणायल्यात की, अक्का," संगीता म्हणाली. "दिवसभर एकच चालू हाय. बैठ, पोतं. बैठ, पोतं. म्हणून बसवते. बसवलं की रडायल्यात. कामून रडायल्यात, काय कळंना."

विजया बाजेपाशी वाकली आणि तिनं पुन्हा ऐकलं. तिचं माहेर सोलापूरचं, विणकरांचं. घरात तेलुगू. पुण्यात येऊन ती भाषा मावशीच्या फोनपुरती उरलेली. तिनं नरसाबाईंचा हात धरला आणि विचारलं, "बैटकि पोदामा, अम्मा?"

नरसाबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग तुटक, जड जिभेनं म्हणाल्या, "एवरि पिल्ल?" तू कुणाची पोर, असं त्या विचारत होत्या.

"बैट पोता" म्हणजे मी बाहेर जाते, आणि विजयानं विचारलं होतं, बाहेर जाऊ या का? इतके महिने बाई एवढंच सांगत होत्या.

लक्ष्मणला बोलावून आणलं. त्याला इतकंच माहीत होतं की आईचं माहेर औरादच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीकडं कुठंतरी होतं. तिचे आईबाप लवकर गेले, लहान वयात ती इथं नांदायला आली, माहेरचं कुणी फिरकलं नाही. या घरात तिच्या तोंडून मराठी आणि कन्नड याशिवाय काही कुणी ऐकलं नव्हतं. विजयानं त्याला समजावलं की अशा झटक्यात कधीकधी नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची तेवढी उरते. लक्ष्मण उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "ती भाईर ने म्हणायलती, आन् आमी तिला पोतं टाकून बसवायलतो."

मग त्यानं आणि मी नरसाबाईंना खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचललं आणि अंगणात कडुलिंबाखाली आणून ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला आणि उन्हाकडं तोंड केलं. शेजारणी जमल्या. कुणी हळू आवाजात, कुणी मोठ्यानं त्यांच्याशी बोलायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी पाय उचलू दिला.

पुढं सगळं सोपं झालं असं नाही. उजवा हात आला नाही, तो बहुतेक येणारही नाही. पण मी बाजेपासून अंगणापर्यंत पाइपचा कठडा बसवला आणि संक्रांतीनंतर नरसाबाई तो धरून, संगीताच्या आधारानं, स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. संगीता विजयाकडून तेलुगू शब्द शिकत होती. पाणी, जेवण, दुखतंय, ये, थांब. निघताना नरसाबाईंनी विजयाच्या गालावरून हात फिरवला आणि लक्ष्मणनं आमच्या पिशवीत नव्या तुरीची डाळ घातली.

पुण्यात परत येऊन आता दीड महिना झाला. लोक विचारतात, एवढं राहून काय केलंत? सांगण्यासारखं थोडंच आहे. कठडे काही घरांत लागले, चार-पाच माणसं बाजेवरून उठली. आमच्या घरात मात्र विजया आता कामं करताना तेलुगूत गुणगुणते आणि मी अर्थ विचारत तिच्या मागं फिरतो.

परवा संगीताचा फोन आला. आत्याबाईंच्या तोंडी मराठी आली, म्हणाली. पहिला शब्द काय होता, विजयानं विचारलं.

"मी आंगण झाडायलते, अक्का," संगीता म्हणाली. "तर मागून आत्याबाई म्हणल्या, नीट झाड."