उठायच्या दिवशी डोळे

माझ्या वडिलांचा उजवा डोळा उसाच्या पानानं गेला. पान लागलं, डोळा लाल झाला, मुकादम म्हणाला एरंडेल टाका. टाकलं. हळूहळू बुबुळावर पांढरं फूल पडलं. एका डोळ्यानं कोयत्याचा अंदाज चुकतो, म्हणून पुढच्या हंगामाला मुकादमानं त्यांना नेलं नाही. टोळीत नवरा-बायकोची जोडी लागते, त्यामुळं आईचंही काम गेलं. ते वर्ष आम्ही कसं काढलं हे लिहीत बसत नाही. आमच्या तांड्यावरून कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. एमएसडब्ल्यू केलं आणि आय बँकेत, म्हणजे नेत्रपेढीत, समुपदेशक म्हणून लागले. बुबुळ म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

माणूस गेल्यावर साधारण सहा तासांच्या आत बुबुळावरचा काचेसारखा पातळ पडदा काढावा लागतो. त्याला कॉर्निया म्हणतात. तो ज्याचा खराब झालाय त्याला बसवता येतो. काढायचं काम टेक्निशियनचं, बोलायचं काम माझं. मेलेल्यानं हयातीत कार्ड भरलेलं असलं तरी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. म्हणजे ज्या घरात नुकतं रडणं सुरू झालंय, तिथं जाऊन मी मागायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी केज तालुक्यातल्या गावातून फोन आला. एसटीचे निवृत्त कंडक्टर याकोब साळवे हार्ट अटॅकनं गेले होते. पाकिटात नेत्रदानाचं कार्ड सापडलं म्हणून त्यांच्या मुलानं, दानिएलनं, कळवलं. मी नेहमीच्या सूचना दिल्या. डोळे मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि फॅन बंद ठेवा. वाऱ्यानं बुबुळ सुकतं.

मी आणि टेक्निशियन शेखभाई निघालो. मांजरसुंब्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो. पोचलो तेव्हा सहा तासांतला निम्म्याहून जास्त वेळ गेला होता. घर पत्र्याचं, फॅन बंद, आत माणसं घामानं निथळत बसलेली. दारातला एक पाहुणा मला म्हणाला, "मॅडम, लवकर आटपा. न्हाईतर आमीबी कंडक्टरच्याच गाडीत बसतो."

दानिएलची सही तयार होती. पण त्याची आई, मार्थाबाई, नवऱ्याच्या उशाशी बसून होती आणि ती हो म्हणत नव्हती. मुळात कार्डाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा पहिला राग त्याचाच. "जन्मभर दुसऱ्याची तिकिटं फाडली," ती मेलेल्या नवऱ्याकडं बघत म्हणाली. "सवताचं फाडताना मला इचारलं न्हाई."

मी जवळ बसले. माझ्या कामात दहातल्या नऊ घरांत एकच भीती निघते. डोळे दिले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा जन्मतो, असं लोकांना वाटतं. त्यावर माझं उत्तर इतकं पाठ झालंय की समोर कोण बसलंय ते मी पाहिलंच नाही. भिंतीवर क्रूस होता. तरी मी सुरू केलं, "मावशी, पुढच्या जन्मी उलट जास्त चांगली दृष्टी..."

दानिएलनं मला थांबवलं. "मॅडम, आमच्यात पुढचा जन्म नसतो."

"मग?"

"आमच्यात मेलेला उठतो. प्रभू येईल तवा. ह्याच शरीरानं."

पुढच्या जन्माला माझ्याकडं उत्तर होतं. याच शरीरानं उठण्याला नव्हतं. मार्थाबाई माझ्याकडं वळली. "कावून देऊ मी डोळे? उठायच्या दिवशी लागतील की त्यांला. समदी उठतील, एवढी गर्दी असंल. हे डोळ्याबिगर मला कुठं हुडकतील?"

तेवढ्यात आमच्या डॉक्टरांचा फोन आला. मी बाहेर गेले.

"कन्सेंट झाली?"

"नाही सर. बाई नाही म्हणतात."

"मग तुम्ही तिथं काय करताय?"

"बसलेय."

"बसून कॉर्निया मिळतो का? इथं दोन पेशंट थांबलेत."

मी सांगितलं, जबरदस्ती करणार नाही. ते म्हणाले, जबरदस्ती करा असं मी कुठं म्हणालो, आणि फोन ठेवला.

दानिएलनं त्यांच्या मंडळीच्या पाळकांना, म्हणजे त्यांच्या चर्चच्या पास्टरांना, फोन लावला. ते बीडहून निघाले होते, तेही मांजरसुंब्याच्याच रांगेत अडकलेले. त्यांनी स्पीकरवर सगळ्यांना नीट समजावलं. शरीर मातीला मिळतंच, डोळेही मिळतात. गव्हाचा दाणा पेरला की तोच दाणा वर येत नाही, नवं रोप येतं. तसं देव नवं शरीर देईल. डोळे द्यायला शास्त्राची हरकत नाही, मात्र ठरवायचं घरच्यांनी.

मला वाटलं, झालं काम. मार्थाबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पास्टर, नवं कोरं शरीर दिलं तर मग मीच ह्यांला वळखायची कशी?"

पास्टर म्हणाले, मी पोचल्यावर बोलू.

ते पोचेपर्यंत आमची वेळ संपली असती. शेखभाईंनी मला घड्याळ दाखवलं. मी मान हलवली. त्या बाईची अडचण आता मला कळली होती. तिला नुसती त्यांच्या नजरेची काळजी नव्हती. तिला भेट चुकायची भीती होती. आणि त्यावर मी काही बोलणं म्हणजे थापा मारणं झालं असतं. मी तेच सांगितलं, "मावशी, उठायच्या दिवसाचं मला काही माहीत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही आत्ता निघतो. कुणी राग धरणार नाही."

कापूस सुकला होता, तिनं तो पुन्हा भिजवून ठेवला. मग दानिएलला विचारलं, "प्रभू उठला तवा त्याच्या हाताला भोकं होती ना रे?"

"होती. खिळ्यांची."

"मरणातून उठणाऱ्याला भोकं बुजवता आली नसती?"

"आली असती."

"न्हाई बुजवली. शिष्याला तीच दाखवली. त्यावरूनच त्यानं वळखलं. जे दुसऱ्यासाठी दिलं त्याची खूण ऱ्हाती मग. ह्यांचीबी ऱ्हाईल. ह्यांनी मला न्हाई हुडकलं तर मी हुडकीन ह्यांला." मग माझ्याकडं बघून, "घे बाई. पर तोंड बिघडवू नका."

तिनं अंगठा दिला. आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं. शेखभाईंचा हात साफ आहे, वेळ लागला नाही. झाल्यावर तिला आत बोलावलं. तिनं वाकून पाहिलं, मिटलेल्या पापण्यांवरून बोट फिरवलं. चेहरा होता तसाच होता. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदा मी तिला भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं.

"दानिएल," ती म्हणाली, "फॅन लाव. लोक कटाळलेत."

परत येताना मी शेखभाईंना विचारलं, तुमच्यातही माणूस कयामतला उठतोच, तुम्हाला हा प्रश्न पडला नाही का. ते म्हणाले, मला पडला होता, पण माझी नोकरी आधी लागली होती.

तेव्हापासून मी माझं पाठ केलेलं उत्तर मागं ठेवलंय. घरात गेले की आधी विचारते, तुमच्यात मेल्यावर काय होतं? मग गप्प बसते. वेळ जातो. डॉक्टर चिडतात. पण नकार कमी येतात, आणि जे येतात ते का येतात हे मला कळतं.

कंडक्टर साळवेंचे दोन्ही कॉर्निया चांगले निघाले. कुणाला बसवले ते नियमाप्रमाणं सांगता येत नाही. दोन्ही ऑपरेशनं नीट झाली आणि दोघांनाही दिसतं.