राजासाठी तीनदा अडखळायचं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कदाचित माझी कादंबरी वाचली असेल, तिच्यातल्या लोवी भाषेचं कौतुकही केलं असेल – म्हणून. ती भाषा माझी नाही.

ती माझ्या दादाची. आम्ही सातपूरला राहायचो. दादा अडखळत बोलायचा – क, प, ट आले की मान ताठ, डोळे मिटलेले, शब्द घशात. शाळेत पोरं त्याला नको नको करून सोडायची. अकराव्या वर्षी त्याने वहीत स्वतःचं एक राज्य काढलं आणि त्या राज्याला भाषा दिली. ल, म, व असे वाहते आवाजच तिच्यात जास्त. आणि अडखळणं म्हणजे मान देणं. थोरल्यांच्या नावाचं पहिलं अक्षर दोनदा, राजाराणीचं तीनदा. मला तो 'नं-नं-नंदा' म्हणायचा. अडकत नाहीये गं, सांगायचा, तू राणी आहेस.

प्रस्तावनेत मी लिहिलं – ही भाषा मी घडवली. बरं, चोरीवरच थांबले असते तर? पण कादंबरीच्या पहिल्याच जाहीर वाचनात मी राजाचं नाव तीनदा अडखळत घेतलं, तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू मला आवडलं. पुढच्या वेळी मी मान ताठ केली, डोळे मिटले. लोक हसून लोटपोट. मग दर कार्यक्रमात तेच. ताई, काय अभिनय करता, म्हणायचे.

मागच्या वर्षी गंगापूर रोडच्या एका सभागृहात नक्कल ऐन रंगात आली होती, आणि शेवटच्या रांगेत मला दादा दिसला. पहिली पाळी संपवून कंपनीतून थेट आलेला, डब्याची पिशवी मांडीवर. मी त्याला बोलावलं नव्हतं. आणि तरी मी थांबले नाही. अजूनही माझा यावर विश्वास बसत नाही. मी ती नक्कल पुरी केली.

नंतर तो सहीच्या रांगेत आला. आयोजकांनी नाव विचारलं. दादा 'प-प-'वर अडकला. मान ताठ, डोळे मिटलेले. आयोजक खूश होऊन म्हणाले, "वा! हुबेहूब ताईंसारखं जमलं की तुम्हाला." मागचे लोक हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ओळखीचे आहेत का?

"नाही," मी म्हणाले. "वाचक असतील."

असतील! सख्ख्या भावाला. कुठून आलं हे माझ्या तोंडात?

दादाने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर – पण नाही, रागावला नाही. त्याने मलाच सांभाळून घेतलं. "हो, मी वाचकच," तो त्यांना म्हणाला. मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "नुसती सही करा, मॅडम."

मी सही केली. आणि पुढच्याचं पुस्तक हातात घेतलं.