हाजी दैफल्लांनी कॉफी खाली ठेवली

हाजी दैफल्ला म्हणजे गावाची तोफ. आयुष्यभर फौजेचे ट्रक हाकले, आणि निवृत्त झाल्यापासून करकहून, म्हणजे जिल्ह्याच्या शहराहून, कोणी साहेब आला की भावकीच्या मदाफ्यात, म्हणजे बैठकीच्या दालनात, गावातर्फे त्यांनीच बोलायचं हे ठरलेलं. तरुणांच्या विषयावर तर विचारूच नका! "आमच्या पोरांना काय हवंय ते मला विचारा," असं छाती ठोकून सांगायचे. पोरं तेव्हा कॉफी वाटत फिरत असायची.

नात शुरूक त्यांचा जीव की प्राण. ती विद्यापीठात शिकायची, पण दुपारनंतर गावाकडे बस नाही. संध्याकाळचे तास बुडायचे, आणि बापाने बजावलं होतं, असंच चाललं तर शिक्षण बंद. अशात राजधानी अम्मानहून सरकारी माणसं राष्ट्रीय युवा धोरणासाठी तरुणांचं म्हणणं ऐकायला येणार होती. शुरूकला तिथे बोलायचं होतं.

आदल्या दिवशी न्याहारीला तिने विचारलं, "आजोबा, उद्या तुम्ही काय बोलणार?"

"तुमचंच की! मैदान, लग्नाचा हॉल..."

"लग्नाचा हॉल कोणी मागितला?"

"बरं बाई, मग तू बोल."

"कधी? तुम्ही थांबेपर्यंत साहेब जेवून गाडीत बसलेले असतात."

हाजी तणतणत उठले. पण दिवसभर त्यांना काही गोड लागेना. पोरगी खोटं कुठे बोलली होती?

दुसऱ्या दिवशी मदाफा गच्च भरला. मुली मागे दाराशी बसल्या. गावचा मुख्तार, म्हणजे पाटील, मिस्फर हा हाजींचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "आता तरुणांतर्फे हाजी बोलतील." तेवढ्यात कॉफी आली. हाजींनी पेला घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

सगळ्या माना त्या पेल्याकडे वळल्या. मागणं घेऊन आलेला पाहुणा असा पेला ठेवतो, आणि शब्द मिळेपर्यंत घोट घेत नाही. कॉफी तशीच राहिली तर यजमानाची नाचक्की. पण हे पाहुण्याने करायचं, घरच्याने नव्हे!

"हाजी, डोकं फिरलं का तुमचं? आपल्याच घरात पेला खाली?" मिस्फर कुजबुजला. "साहेबांसमोर अब्रू काढता होय!"

"कुणाची पोरगी मागताय, हाजी?" कोणीतरी खिदळलं.

"माझं एकच मागणं आहे," हाजी म्हणाले. "आज फक्त पोरं बोलतील. मागच्या मुलीसुद्धा. म्हाताऱ्यांनी ब्र काढायचा नाही."

मिस्फरने कपाळावर हात मारला. "दिलं बाबा, दिलं! प्या आता."

हाजींनी घोट घेतला. शुरूक उभी राहिली. तिने बसचं सगळं सांगितलं, बसपायी घरी बसलेल्या दोन मैत्रिणींचंही सांगितलं.

"मागे सरकारने बस देऊ केली होती," ती म्हणाली. "पण इथूनच उत्तर गेलं की आमच्या मुलींना बस नको, त्यांना ने-आण करायला घरचे पुरुष आहेत. कोण बोललं ते मी सांगत नाही."

हाजींना आपलं ते भाषण आठवलं. त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हाजी गुडघ्यावर हात टेकत उठले.

"नाव घे, पोरी. मीच तो. साहेब, लिहून घ्या, चूक माझी होती. या मुलींना..."

शुरूकचे डोळे भरून आले होते, पण ती हसली.

"आजोबा, बसा बघू," ती म्हणाली. "अजून माझं बोलून झालेलं नाही."

आणि हाजी दैफल्ला गपचूप खाली बसले.