तापीच्या वळणावरचा वाळा

शिंदखेड्याकडच्या तापीच्या वळणावर उखर्डू आबा आणि बेबाबाई या नवराबायकोनं पहिल्यांदा वाळा लावला, तेव्हा गाव हसलं होतं. चांगल्या जमिनीत कोणी गवत लावतं का? पण दर पुरात वीतवीतभर माती नदीत उतरताना बेबाबाईला बघवत नसे. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात, हे तिनं माहेरी पाहिलेलं. गवतामागे निर्गुडी लावली, तिच्यामागे करंज. सोळा पावसाळे त्यांचा काठ जागचा हलला नाही.

वरच्या अंगाला बन्सीलालचं शेत. केळीच्या दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून त्यानं काठावरची झुडपं जेसीबीनं साफ केली, वाळूच्या ट्रॅक्टरांना नदीत उतरायला वाटही दिली. आबा दोनदा सांगायला गेले.

"आबा, मना काठ शे, मी पाही लिसू," तो म्हणाला.

दोन वर्षांमागच्या भाद्रपदात पूर आला. बन्सीलालचा काठ ढासळला आणि त्या खिंडारातून पाणी आबांच्या शेतात मागून शिरलं. समोरून वाळ्यानं नदी अडवून धरली होती. पाठ उघडी होती. भर दुपारी, दोघांच्या डोळ्यांदेखत, करंजांसकट अडीच बिघे जमीन नदीत गेली.

बेबाबाई रडली नाही. "बठ्ठं गयं," सगळं गेलं, एवढंच म्हणाली. त्यानंतर ती शेताकडे फिरकली नाही. अन्न तुटलं. दिवाळीच्या तोंडावर ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचा झटका म्हटलं. आबांनी नाही म्हणून मान हलवली.

दहाव्याला बन्सीलाल आला, ओट्याखालीच उभा राहिला. "आबा, मनी चूक शे. काय करू ते सांगा."

आबांच्या ओठांवर शिवी आली होती. ती त्यांनी गिळली.

"काठ एकटाना नही ऱ्हास, बन्सी. ट्रॅक्टरनी वाट आजच बंद कर."

पाऊस लागताच आबांनी उरलेल्या वाळ्यातले निम्मे ठोंब खणले आणि बन्सीलालच्या उघड्या काठावर लावायला घेतले. बन्सीलाल खड्डे करत होता. कामाच्या नादात आबांनी मागे हात पसरला, "दे गं" म्हणाले, आणि थांबले. बन्सीलालनं ठोंब त्या हातात ठेवला.

यंदा तो काठ टिकला. आबांच्या गेलेल्या जमिनीवरून मात्र नदी वाहते. त्या बाजूला ते अजून बघत नाहीत.